अदमुरं

आमच्या प्राध्यापक कॉलनीत सध्या एकही प्राध्यापक राहत नाही. दोन वकील, एक मंगल कार्यालयवाला, काही निवृत्त अभियंते आणि मी. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, म्हणजे मुलं ते क्लासमधून शिकून येतात आणि मी त्यांची हजेरी घेतो. शहराचं नाव सांगत नाही. मराठवाड्यातलं कुठलंही जिल्ह्याचं गाव धरा, जिथं पाणी नळाला आठवड्यातून एकदा येतं आणि वर्तमानपत्रात रोज येतं.

आठवड्याचं पाणी साठवायचं म्हणजे घरोघरी बॅरल आले, हौद आले, झाकण हरवलेल्या टाक्या आल्या. त्यांच्यात डास आले. पट्टेरी पायांचे, दिवसाढवळ्या चावणारे, स्वच्छ पाणी असल्याशिवाय अंडी न घालणारे. आमच्या शहरात स्वच्छ पाण्याचा एवढा आग्रह दुसरं कुणी धरत नाही. त्यामुळं डेंगी आमच्याकडं दरवर्षी यायचा, पाहुण्यासारखा, आणि जाताना एखाद्याला बरोबर घेऊन जायचा.

नऊ वर्षांपूर्वी त्यावर औषध आलं. ते लोकांना समजावून सांगायचं काम माझ्याकडं आलं, कारण कॉलनीत विज्ञानाशी संबंध आलेला माणूस मीच होतो आणि मानधन द्यायचं नव्हतं. महिला मंडळाच्या हॉलमध्ये मी उभा राहिलो आणि सांगितलं, की लस म्हणजे शरीराची शिकवणी. विषाणूचा चेहरा दाखवायचा आणि शरीर अभ्यास करील अशी आशा धरायची. काही शरीरं करतात, काही माझ्या विद्यार्थ्यांसारखी असतात. या औषधात शिकवणीच नाही. डेंगीच्या विषाणूला जखडून टाकणारं प्रतिपिंड शास्त्रज्ञांनी आधीच निवडून ठेवलंय. ते बनवायची कृती, म्हणजे जनुक, एका निरुपद्रवी विषाणूच्या रिकाम्या कवचात भरायची आणि मांडीच्या स्नायूत टोचायची. स्नायूच्या पेशी ती कृती वाचतात, प्रतिपिंड बनवायला लागतात आणि वर्षानुवर्षं रक्तात सोडत राहतात. शरीरानं स्वतः काही शिकायची गरज नाही.

इथवर येईपर्यंत पुढच्या रांगेतल्या दोन बायका झोपल्या होत्या. म्हणून मी म्हणालो, "विरजण हो! चमचाभर विरजण. कोमट दुधात घालायचं, झाकून ठेवायचं, दही आपोआप लागतं. मांडी म्हणजे पातेलं."

सगळ्या जाग्या झाल्या. त्या दिवसापासून शहरात त्या औषधाचं नाव विरजण पडलं. ज्यांनी घेतलं ते 'लागलेले' आणि ज्यांनी घेतलं नाही ते 'कोरे'. पुढं सरकारी फलकांवरही पातेल्याचं चित्र आलं. त्यात मांडी नव्हती, सभ्यतेच्या कारणास्तव.

माझी बायको उज्ज्वला तेव्हा महिला मंडळाची अध्यक्ष होती. अजूनही आहे. मध्ये निवडणूक घ्यायची हिंमत कुणी केलेली नाही. कॉलनीतलं शिबिर तिनंच भरवलं. एकेकाला नाव घेऊन घराबाहेर काढलं. अडचण तिच्या स्वतःच्या घरात आली. आमच्या वरच्या मजल्यावर माझा धाकटा भाऊ दिगंबर आणि त्याची बायको कुशावर्ता राहतात. कुशावर्ता भर हॉलमध्ये उठली आणि म्हणाली, "माझ्या मांडीत लोकांची कृती नको. माझ्या आईनं दिलंय तेवढं पुरे आहे मला."

उज्ज्वला म्हणाली, "आमच्याच घरात असा अडाणीपणा, तर कॉलनीला काय सांगू मी?" ती हे माझ्या कानात म्हणाली होती, पण तिच्या हातातला माईक चालू होता.

त्या दिवसापासून दोघी जावांचं बोलणं बंद झालं. विरजण मात्र बंद झालं नाही, खरं विरजण, दह्याचं. दोन्ही स्वयंपाकघरांत एकच विरजण वर्षानुवर्षं फिरत होतं. वर संपलं की खालून जायचं, खाली बिघडलं की वरून यायचं. वरच्या गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली यायची, तिच्यात रिकामी वाटी. उज्ज्वला चमचाभर दही घालून दोरीला झटका द्यायची आणि टोपली वर जायची. एक शब्द नाही. दिवेलागणीनंतर टोपली कधीच आली नाही. तिन्हीसांजेला विरजण दिलं की घरातली लक्ष्मी जाते, यावर दोघींचं एकमत होतं. दुसऱ्या कशावरही नव्हतं.

*

यंदा कोवळा ताप आला. त्याचं शास्त्रीय नाव इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांचं आहे, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. डेंगीचाच चुलत भाऊ, त्याच डासातून येणारा. मोठ्या माणसाला काही विशेष करत नाही. दोन दिवस अंग कोमट लागतं, डोळे चुरचुरतात, की माणूस पुन्हा कामावर. पण बाई पोटुशी असेल तर विषाणू वारेतून आत जातो आणि बाळाच्या मेंदूची वाढ थांबते. जन्मलेल्या बाळांचे फोटो वर्तमानपत्रात आले. मी वर्तमानपत्र बंद केलं.

त्यावरही औषध लगेच तयार झालं. कृती नवी, कवच तेच जुनं. आणि इथं सगळी शहाणी माणसं अडकली. शरीर एवढंही मठ्ठ नसतं. पहिल्या वेळी जे कवच आलं त्याचा चेहरा त्यानं न सांगता लक्षात ठेवला होता. दुसऱ्यांदा तेच कवच दिसलं की शरीर ते मांडीत पोचायच्या आत फाडून टाकतं, कृतीसकट. सोप्या भाषेत, विरजलेल्या दुधाला पुन्हा विरजण लागत नाही. ही उपमा मला द्यावीच लागली नाही. बायकांनी ती माझ्या तोंडावर मारली.

म्हणजे ज्यांनी धावतपळत पहिलं औषध घेतलं, वशिला लावून घेतलं, प्रमाणपत्राची फ्रेम करून दिवाणखान्यात लावली, ते सगळे कायमचे बंद. आणि पाण्याच्या टाकीमागच्या वस्तीत, जिथं तेव्हा रस्ता नाही म्हणून शिबिराची गाडी गेली नव्हती, तिथं घरच्या घरं कोरी. रस्ता तिथं अजूनही नाही, पण गाडी आता जाते. कॉलनीतल्या फ्रेमा एका आठवड्यात उतरल्या, भिंतींवर चौकोनी डाग राहिले. विवाहमंडळाच्या जाहिरातींत 'उच्चशिक्षित, गृहकृत्यदक्ष, कोरी' असं यायला लागलं.

आमची केतकी लागलेली. अकरावीत असताना मीच तिचा हात धरून शिबिरात नेली होती. आता ती पाच महिन्यांची गरोदर आहे. ती राहते पुण्यात. तिथं साथ आधी आली, म्हणून सातव्या महिन्याची वाट न बघता उज्ज्वलानं तिला माहेरी आणली. तिच्या पाठोपाठ तापही आला. दोघंही एकदमच माहेरपणाला.

कारखान्यात तयार झालेलं प्रतिपिंड बाटलीतून मिळायचं, पण ते राजधानीतून निघून आमच्यापर्यंत येईतो वाटेतल्या गावांतच जिरायचं. आम्ही बॅरल पालथे केले. हौद कोरडा केला आणि बादलीभर पाण्यात सगळे आंघोळी करायला लागलो. केतकी दिवसभर मच्छरदाणीत बसून लॅपटॉपवर काम करायची.

"बाबा, भाजीवर जाळी झाकतात ना, तिच्याखाली बसल्यासारखं वाटतं," ती म्हणाली.

"मग भाजीनं बोलू नये," उज्ज्वला म्हणाली आणि मच्छरदाणीची कड गादीखाली आणखी आत खोचली.

ती आणखीही एक गोष्ट करायची, जिच्याकडं मी नीट पाहिलं नाही. उजवा पाय जपून टाकायची. मांडी घालून बसायची ती खुर्चीवर बसायला लागली. विचारलं तर म्हणाली, "वय झालं. तुमचंही झालंय, फक्त तुम्हाला कुणी सांगत नाही."

*

रक्तपेढीच्या डॉक्टर नौशीन काझी माझ्याच विद्यार्थिनी. वर्गात त्या काय शिकल्या मला माहीत नाही, पण डॉक्टर झाल्या खऱ्या. उज्ज्वलाला घेऊन मी त्यांच्याकडं गेलो.

"केतकीला टोचून उपयोग नाही, सर," त्या म्हणाल्या. "पण ज्याला नवं औषध लागलंय त्याच्या रक्तात प्रतिपिंड असतंच. त्याचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातलं नुसतं पिवळं पाणी, तिला चढवता येईल. तुमच्याच भाषेत सांगायचं तर तिला दही मिळेल, विरजण नाही मिळणार. तिचं शरीर स्वतः काही बनवणार नाही. दर तीन आठवड्यांनी मात्रा निम्मी होते, म्हणून बाळंतपणापर्यंत पुन्हा पुन्हा चढवावं लागेल."

"मग चढवा."

"कुणाचं? यादी मोठी आहे. वस्तीतले लोक देतात, पण आधी आपापल्या लेकी-सुनांना."

हा वस्तीचा उद्धटपणा कॉलनीत कुणालाच सहन झालेला नव्हता.

"केतकीचा गट बी. बी किंवा एबी असलेलं घरातलं कुणी कोरं आहे?"

"आहे," मी म्हणालो. "माझी भावजय. गट बी. सगळ्या कॉलनीसमक्ष तिनं नकार दिला होता, सगळ्यांनी ऐकलंय."

डॉक्टरांनी माझ्याकडं नाही, उज्ज्वलाकडं पाहिलं. उज्ज्वला भिंतीवरच्या रक्तदानाच्या पोस्टरकडं फार लक्ष देऊन पाहत होती. त्या पोस्टरवर फक्त एक थेंब होता.

"त्यांना आज टोचलं तरी मात्रा भरायला पाच-सहा आठवडे लागतील," डॉक्टर म्हणाल्या. "विचारून तर बघा."

*

घरी आल्या आल्या मी म्हणालो, "चल वर. दोघं मिळून जाऊ."

"वर जायचं नाही," उज्ज्वला म्हणाली.

"का?"

"नाही म्हणते ना."

"अगं, नऊ वर्षं झाली. माईकचा दोष होता म्हण. पाया पड. काहीही कर."

"मी वर जाणार नाही आणि तुम्हीही जायचं नाही. तिच्याकडं काही मागायचं नाही."

आतल्या खोलीत केतकीचा लॅपटॉप खाली ठेवल्याचा आवाज आला. मी आवाज खाली आणला, पण शब्द खाली आणता आले नाहीत.

"तुझ्या नाकापेक्षा," मी म्हणालो, "आपल्या नातवंडाचं डोकं मोठं असायला पाहिजे, एवढंच मला कळतं."

उज्ज्वलानं माझ्याकडं पाहिलं. तिनं ओट्यावरचं दुधाचं पातेलं उचललं, बोटाची कड बुडवून पाहिली, आणि झाकण ठेवलं. त्या दिवशी तिनं मला वाढलं नाही. मीही मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाहेर गेलेली पाहून मी वाटी घेतली आणि जिना चढलो. वाटी का घेतली, मला सांगता येणार नाही. रिकाम्या हातानं त्या घरात जायची माझी तयारी नव्हती, आणि भरलेलं माझ्याकडं काही नव्हतं.

दिगंबर कामावर गेला होता. कुशावर्ता दारात आली आणि पदर सावरून बाजूला झाली. थोरल्या दिरापुढं ती अजून तशीच वागते.

"भाऊजी, तुम्ही? आन् वाटी? टोपली सोडा म्हणला असता तर सोडली असती की."

"कुशावर्ता, विरजण हवंय."

ती आत गेली. फ्रिज उघडल्याचा आवाज आला.

"ते नाही," मी म्हणालो.

फ्रिज बंद झाल्याचा आवाज आला. ती बाहेर आली ती हात पुसत. हात कोरडेच होते.

"केतकीसाठी?"

"हो. तुझा गट बी आहे. तू कोरी आहेस. मी तुझ्या पाया पडतो, उज्ज्वलाच्या वतीनंही पडतो. ती काय बोलली ते—"

"भाऊजी, खाली बसा." मी बसलो. ती उभीच राहिली. "अक्कांनी तुम्हाला कधीच सांगितलं न्हाई?" उज्ज्वलाला ती अक्का म्हणते.

"काय?"

"माझ्याकडं हाय ते अक्कांचंच विरजण हाय."

मला वाटलं ती दह्याबद्दल बोलतेय.

"त्या दिवशी शिबिर उठलं," ती म्हणाली. "संध्याकाळी कळलं, मागच्या गल्लीतली ती बांगडीवाल्याची सून डेंगीनं गेली. माझ्याच वयाची. माझे हातपाय गार पडले. पण भर हॉलात न्हाई म्हणून बसले होते, आता कोण्या तोंडानं मागू? म्हणून वाटी घेतली अन् हॉलवर गेले. म्हणलं, अक्का, विरजण राहिलंय का?"

"मग?"

"अक्का म्हणल्या, दिवेलागण झाली, आता कुणी देतं का विरजण? अन् घरचं घरी माग, इथं कशाला आलीस?" ती जराशी हसली. "त्यांना दह्याचंच वाटलं. दिवसभर राबून डोकं उठलं होतं बिचाऱ्यांचं. मी तिथंच उभी. वाटीत टिपं पडायला लागली तवा त्यांच्या ध्यानात आलं, कोणतं विरजण म्हणून. नर्सबाई पेटी बंद करायलत्या. एकच राहिलं होतं. सगळ्यांचं झाल्यावर घेऊ म्हणून अक्कांनी स्वतःचं शेवटाला ठेवलेलं."

मी वाटी खाली ठेवली.

"म्हणल्या, टोचा हिला. माझं पुढच्या शिबिरात." कुशावर्ता खिडकीबाहेर बघायला लागली. "पुढचं शिबिर झालंच न्हाई."

"मग तुम्ही दोघी बोलत का नव्हता इतकी वर्षं?"

"बोलले असते तर आभार मानावे लागले असते, भाऊजी. माझ्या जिवावर आलं. अन् अक्कांना भ्या, की अध्यक्षबाईनं स्वतःच घेतलं न्हाई म्हणून कॉलनीत बोंब होईल. शपथ घातली होती मला. भांडण हाय तसंच राहू दे म्हणल्या. भांडणात कुणी काही विचारत न्हाई."

म्हणजे कॉलनीला विज्ञान समजावणाऱ्या माझ्या घरात एक माणूस नऊ वर्षं कोरं होतं, रोज सकाळी माझ्यासमोर चहा ठेवत होतं, आणि काल मी त्याला नाकाबद्दल सुनावलं होतं.

मी उठताना कुशावर्तानं माझ्या हातात वाटी दिली. तिच्यात चमचाभर दही होतं. रिकामी वाटी परत पाठवायची नसते.

*

उज्ज्वला परत आली होती. स्वयंपाकघरात खुर्चीवर, उजवा पाय पाटावर लांब करून बसली होती. माझ्या हातातली वाटी बघून तिला सगळं कळलं, आणि तिचा तो पाय बघून मला.

"कधी घेतलंस?" मी विचारलं.

"केतकी आली त्याच आठवड्यात. टाकीमागच्या शिबिरात. गट माझाही बीच. रांगेत उभी होते. एक बाई म्हणाली, मॅडम, तुमच्या कॉलनीत कुणी कोरं उरलंय होय? म्हटलं, मी आहे ना. ती एवढी हसली, की तिनं मला पुढं जाऊ दिलं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"विरजण लावल्यावर दर तासाला झाकण काढून बघायचं नसतं." तिनं पाय हळूच हलवला. "आणि लागलंच नाही तर? काझी डॉक्टर म्हणाल्या, ते कवच म्हणे साध्या सर्दीसारखं कधी लहानपणीच येऊन गेलेलं असतं पुष्कळांना. त्यांनी औषध घेतलेलं नसतं तरी लागत नाही. कळायला महिना जातो. मी सांगितलं असतं तर केतकी महिनाभर माझ्या मांडीकडं बघत बसली असती. तुम्ही तर वहीत आलेख काढला असता."

मी आलेख काढला असता, हे खरं आहे.

"काल मी तुला जे बोललो—"

"ऐकलं मी. बहिरी नाही." मग ती म्हणाली, "आज रक्त देऊन आले तपासायला. उद्या कळेल. तोवर ते दही झाकून ठेवा, डास बसतील."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर काझींनी आम्हाला समोर बसवलं. कुशावर्ताही आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, ती रिक्षात आमच्या आधी बसली होती. नऊ वर्षांनी दोघी जावा शेजारी बसल्या आणि वाटभर रिक्षा कुठल्या रस्त्यानं न्यावी यावरून भांडल्या.

"लागलंय," डॉक्टर म्हणाल्या. उज्ज्वलानं डोळे मिटले. "पण पूर्ण नाही. पाहिजे त्याच्या निम्मीच मात्रा आहे."

"म्हणजे अदमुरं," उज्ज्वला म्हणाली.

धड दूध नाही, धड दही नाही, असं अर्धवट लागलेलं असतं ते अदमुरं. डॉक्टरांना तो शब्द लगेच समजला. त्यांच्या घरीही लागत असणार.

"हो. अदमुरं. चढतंय अजून. पंधरवड्यात भरेल कदाचित."

"निम्मं तर निम्मं," मी म्हणालो. "नसल्यापेक्षा बरं."

"तसं नसतं, सर. या घराण्यातल्या विषाणूंचं उलटं असतं. भरपूर प्रतिपिंडं असली तर ती विषाणूला जखडतात. कमी पडली तर नुसती हाताला धरतात, आणि धरलेल्या हातानं त्याला थेट पेशीच्या आत नेऊन सोडतात. डेंगीत हे आपण पाहिलंय. अर्धं संरक्षण कधी कधी शून्यापेक्षा वाईट. या नव्या औषधात त्यावर इलाज केलाय म्हणतात. कंपनीची दोन पत्रकं आहेत माझ्याकडं. एकात केलाय असं आहे."

"आणि दुसऱ्यात?"

"दुसऱ्यात त्याचा उल्लेख नाही."

वाट बघायचं ठरलं. शहाणी माणसं अशा वेळी वाट बघायचंच ठरवतात.

ते दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. कुशावर्ता सकाळीच खाली यायची, डास मारायची विजेची बॅट घेऊन केतकीच्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसायची. चट् आवाज आला की म्हणायची, "गेला मेला." उज्ज्वलाला तिनं जिना चढू दिला नाही, दळण आणू दिलं नाही, वाकू दिलं नाही. "अक्का, पातेलं हिंदकळलं तर लागत न्हाई." मी जीवशास्त्राचा शिक्षक. स्नायू हलल्यानं काही बिघडत नाही, हे मला माहीत आहे. तरी एकदा बादली मीच उचलली.

शेजारच्या गल्लीत पहिला रुग्ण सापडला. मग आमच्या गल्लीच्या तोंडाशी. नगरपालिकेची धुराची गाडी आली, सगळ्यांना खोकवून गेली. डास धूर संपेपर्यंत पडद्यामागं थांबले, तेही शहाणे.

एका संध्याकाळी उज्ज्वला देवापुढं निरांजन लावत होती. आतून केतकीनं हाक मारली.

"आई, माझे डोळे चुरचुरतायत. लॅपटॉपमुळं असेल का गं?"

उज्ज्वला मच्छरदाणी उचलून आत गेली. तिनं हाताचा तळवा नाही, बोटाची कड केतकीच्या कपाळाला लावली, रोज दुधाला लावते तशी.

"कोमट आहे," ती म्हणाली.

मी डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "ताप आला असेल तर आता थांबायला काही उरलं नाही. लगेच या. आहे ते चढवू. पण सर, ते कोणत्या बाजूला जाईल हे मी सांगू शकत नाही. निर्णय तुम्हाला घ्यावा लागेल."

मी फोनवर हात ठेवून ते सगळं जसंच्या तसं केतकीला सांगितलं. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले होते.

"बाबा, टक्के किती?"

"टक्के कुणालाच माहीत नाहीत."

"तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा असं म्हणालात." ती हसायला गेली, ते जमलं नाही. "आई, तू सांग. तुझं आहे ते."

उज्ज्वला मच्छरदाणीच्या आत तशीच उभी होती, डोक्यावरून जाळी ओघळलेली.

"माझं आहे, पण जाणार तुझ्यात आहे," ती म्हणाली. "मला येतं तेवढंच सांगते. लावायचं ते कोमट असतानाच लावतात. गार झाल्यावर घालून उपयोग नसतो आणि उकळल्यावर घातलं तर फाटतं. पुढचं मला येत नाही."

केतकीनं पोटाकडं पाहिलं. मग पाय खाली सोडून चप्पल चाचपायला लागली. "चला मग," ती म्हणाली. "बाबा, फोन चालूच आहे. त्यांना सांगा, येतोय."

मी सांगितलं. कुशावर्तानं बॅट खाली ठेवली आणि केतकीला धरून बाहेर आणलं. दारात आल्यावर तिची नजर देवघराकडं गेली. निरांजन तेवत होतं, बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते. ती एकदम थांबली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "दिवेलागण झाली की हो."

उज्ज्वलानं उजव्या दंडावरची बाही वर सारली, आतापासूनच.

"त्या दिवशीही झालीच होती," ती म्हणाली, आणि पायरी उतरली.